उचलून ओढायचं दार

सुरुवातीलाच सांगून टाकतो... भुतंखेतं, देवचार, करणी ह्यांतलं माझ्या वाट्याला कधी काही आलं नाही. आलं असतं तरी कंटाळून परत गेलं असतं. माझी उमेदीची वर्षं डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवण्यात गेली. ज्या वडाखाली देवचार बसतो म्हणून बाकीचे ड्रायव्हर विडी ठेवून पुढे जायचे, त्याच वडाखाली मी डबा सोडून जेवायचो आणि वर झोप काढायचो. एकदा उठून बघतो तर डबा गायब. सगळे म्हणाले, देवचार. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण खाणीवरच्या कुत्र्याच्या तोंडात दिसलं. तेव्हापासून माझा विश्वास फक्त कुत्र्यांवर आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे लागेल. माझं डोकं आयुष्यात कधी दुखलं नाही. ऊन, लाल धूळ, दिवसभर इंजिनाचा आवाज, संध्याकाळी जरा जास्त झालेली काजूची उराक... काही फरक पडायचा नाही. आई म्हणायची, "ज्याका तकली आसता, त्याची दुखता."

तर मग, जे झालं ते सांगतो. ह्या सदरातल्या इतर अनुभवांसारखं हे अंगावर काटा आणणारं नाही. मला तर त्या वेळी भीतीसुद्धा वाटली नाही. जे वाटलं त्याला काय म्हणायचं ते अजून ठरत नाही, म्हणूनच लिहितोय.

आमचं घर पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरला. शेत उतरून थोडं चाललं की महाराष्ट्राची हद्द. घरात पुढे बसायचा बलकांव, मध्ये लांब वसरी, बाजूला रांधपाची खोली आणि सगळ्यात मागे, परसवाकडे उघडणारी एक काळोखी खोली. पूर्वी तिथे भाताची पोती ठेवायचे. तिला जनेल नाही, एकच दार. ते दार फणसाच्या लाकडाचं, चांगलं जाड. त्याची वरची बिजागरी सैल झाल्यामुळे ते खाली जमिनीला टेकलेलं. ओढलं की असं करकरायचं की शेजारचं वासरू उठून उभं राहायचं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दर दिवाळीला म्हणायचा, "हे दार एकदा तासून घेवक जाय." अशा किती दिवाळ्या गेल्या.

वडील लवकर गेलेले. घरात आई, दादा आणि मी. दादा त्याच खाणीवर शॉवेल चालवायचा, म्हणजे तो खनिज भरायचा आणि मी वाहायचो. गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या वाड्यावर अजून वीज आली नव्हती. तेव्हा दादाचं लग्न झालं. शालन वैनी घरात आली. दोडामार्गाकडची, मालवणी बोलणारी, अंगाने बारीक, कामाला वाघीण. मला भावजी म्हणायची आणि माझ्या थापांवर तोंडाला पदर लावून हसायची. माझ्या थापांवर हसणारं घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे माझं तिच्याशी लगेच जमलं.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. श्रावणातला मंगळवार. वैनीचा उपास, आईने घालून दिलेला. मी जेवायला बसलो होतो. वैनी वाढता वाढता थांबली.

"भावजी, सुरंगीचो वास खंयसून येता?"

सुरंगी चैत्रात फुलते. फांद्यांना चिकटून पिवळ्या-पांढऱ्या कळ्या येतात, बायका भल्या सकाळी त्या काढून वळेसर, म्हणजे गजरे, करतात आणि सबंध गाव घमघमतं. श्रावणात सुरंगी म्हणजे मे महिन्यात पूर येण्यासारखं. मी म्हटलं, "वैनी, माझ्या शर्टाचो आसतलो. आज धुतलो नाय."

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "तुमचा अर्धा तोंड खंय गेला?"

"उरलेला अर्धा तरी बरा आसा मां?" मी म्हटलं. हे मी विनोद म्हणून म्हटलं, हे लक्षात घ्या.

मग तिने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. डोळ्यांसमोर हात नाचवून करवतीच्या दातांसारखं काहीतरी दाखवत होती, आणि तोंडातून भलतेच शब्द. "मीठ," म्हणाली. मग "पणती." मग हात लांब करून, डोळ्यांत पाणी आणून, "नांगर... नांगर..." आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळत होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी तांब्या घेऊन उभा होतो आणि आई दोन्ही हात जोडून.

पुढे तिला उलट्या झाल्या, डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली आणि ती मागच्या काळोख्या खोलीत जाऊन पडली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठली.

"देवी इली," आई म्हणाली.

आमच्या शेजारी पुनोकाका. गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं, त्यामुळे देवाचा कारभार सगळा त्यांना ठाऊक. त्यांनी आईला विचारून घेतलं. नसलेल्या फुलाचा वास, माणसाचं अर्धं रूप दिसणं, माणसाला न कळणारी भाषा. "अवसार," ते म्हणाले. म्हणजे अंगात येणं. "शेतकाराच्या घराक नांगर सांगता देवी. दाराभायर, शेताकडेन हात केल्लो मगो? नांगरणी बेगीन करा म्हणटा."

त्या श्रावणात नांगरणी कशाची करायची हे कोणी विचारलं नाही.

एकदा नाव पडलं की पडलं. देवीचे वार म्हणून आईने मंगळवारच्या जोडीला शुक्रवारचाही उपास घातला, आणि देवी अगदी वार चुकवेना. मंगळवारी नाही तर शुक्रवारी, महिन्यातून एकदा-दोनदा हमखास. माणसं यायला लागली. कोणाची म्हैस हरवलेली, कोणाचं मूल चालत नाही, कोणाच्या मुलीचं जमत नाही. मागच्या खोलीत समई लागायची, धूप घातला जायचा, दाराशी एक जण घुमट, म्हणजे मातीचं तालवाद्य, वाजवायचा. चैत्रात तर देवीला आवडते म्हणून सुरंगीचे वळेसर टोपलीने यायचे. एका बाईने मुलीच्या लग्नाचं विचारलं, वैनी "मीठ" म्हणाली. मुलीचं लग्न खरोखर मिठागरवाल्यांच्या घरी झालं... स्थळ पुनोकाकांनीच आणलं होतं, पण ते कोण लक्षात ठेवतो?

आणि ह्या सगळ्याच्या मध्ये वैनी पदर डोळ्यांवर घेऊन भिंतीला डोकं टेकून बसलेली. वाचा परत आली की एकच मागणं. तेही फक्त माझ्याकडे, कारण बाकीचे देवीशी बोलत असायचे.

"भावजी, दार वायच ओढून घेवा."

मी लगेच उठायचो. तिचं काम करायला मला आवडायचं. जोरात दार ओढायचो, ते करकरत यायचं आणि वैनी दोन्ही हातांनी डोकं धरायची. मला वाटायचं, देवीला राग आला. शेवटी एकदा बऱ्या दिवशी तिने मला शिकवलं. "असा न्हय ओ. कडी धरायची, वर उचलायचा, मगे ओढायचा. बघा." तिने दाखवलं. दार मांजराच्या पावलांनी बंद झालं. मी करून बघितलं. करकर्र. ती म्हणाली, "टिपर चालवतास तुमी. तुमका कसा जमतला?"

माझ्या बाकीच्या सेवासुद्धा ह्याच जातीच्या. वाड्यावर वीज आली तेव्हा बोनसमधून मी ट्यूबलाईट आणली आणि ती कुठे लावली? वैनी आजारी असते त्या खोलीत, बिचारी काळोखात पडते म्हणून. ट्यूब नवी, पण स्टार्टर खराब. ती रात्रभर फडफडायची. वैनीने चार दिवस काही म्हटलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "भावजी, बरी आसा. फक्त पेटवूया नको."

शेवटी तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तेही माझ्यामुळे... पण श्रेय घेत नाही, कारण मी तिला नेलं कसं ते ऐका. डिचोलीला नवीन डॉक्टरीणबाई आल्याचं खाणीवर कळलं. त्या दिवशी वैनीचं डोकं ठणकत होतं, तर मी म्हटलं, दुखणं ताजं असतानाच दाखवलेलं बरं. टिपरमध्ये बसवली. भर दुपार, डिझेलचा वास, खनिजाची धूळ, पुढे-मागे टिपरची रांग आणि त्यात मी रस्ता मोकळा व्हावा म्हणून हॉर्नवरचा हात काढला नाही. दादा मागे हौद्यात उभा. डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं आणि आधी मला बाहेर काढलं.

नंतर आत बोलावून त्यांनी आम्हा दोघा भावांना समजावलं. मला अजून आठवतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं आणि मी थापा न मारता ऐकत होतो. म्हणाल्या, ह्याला मायग्रेन म्हणतात. तुम्ही अर्धशिशी म्हणता तीच. काही माणसांचा मेंदू जन्मतःच हळवा असतो, बहुतेक घराण्यात चालत आलेलं असतं. त्याला बदल सोसत नाही. झोप चुकली, जेवण चुकलं, ऊन लागलं, उग्र वास आला, पाळीचे दिवस आले की तो बिथरतो. मग त्याच्यावरून एक लाट सरकते, हळूहळू. ती बघण्याच्या जागेवरून गेली की डोळ्यांसमोर करवती नाचतात, अर्धं जग पुसलं जातं. बोलण्याच्या जागेवरून गेली की मनात एक शब्द असतो, तोंडातून दुसराच येतो. क्वचित कोणाला नसलेला वास येतो. लाट गेली की मग दुखणं. तेव्हा उजेड, आवाज आणि वास हे तीन शत्रू.

वैनीने सांगितलं, तिची आईसुद्धा महिन्यातून दोन दिवस डोकं बांधून पडायची.

"कुठल्या वारी जास्त दुखतं?" बाईंनी विचारलं.

"मंगळवार, शुक्रवार," मी पुढे होऊन सांगितलं. "देवीचे वार."

"त्या दिवशी जेवता काय?"

"उपास."

"देवीचे नव्हेत, भुकेचे वार आहेत ते," बाई म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. म्हणजे डोकं दुखलं म्हणून ती देवी, देवी म्हणून उपास आणि उपास म्हणून पुन्हा डोकं. वर धूप, सुरंगी, घुमट, समई. ते तिन्ही शत्रू आम्ही पाट मांडून, हात जोडून तिच्या उशाशी आणून बसवत होतो.

वैनीने एवढंच विचारलं, "म्हणजे ती देवी न्हय?"

"नाही."

"बरा झाला," ती म्हणाली. "माका वाटायचा, देवी माका इतकी कित्याक मारता?"

परतताना मी टिपर असा चालवला की मागचे लोक शिव्या देत होते. हॉर्न एकदाही वाजवला नाही.

त्यानंतर मला वैनीच्या वागण्याचे अर्थ लागायला लागले. बाई म्हणाल्या होत्या की आदल्या दिवशीच शरीराला कळतं. जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, माणूस तिरसट होतो. वैनी असं काही झालं की मिरची लागल्यासारखी कामाला लागायची. सगळी मडकी भरायची, दोन दिवसांचा मसाला वाटायची, लाकडं आत आणून रचायची. वाड्यावरच्या बायका म्हणायच्या, देवी यायच्या आधी अंगात बळ येतं. बळ कसलं... उद्या आपण पडणार, मग घरातलं कोणी उपाशी राहू नये, एवढंच. लग्नाचं आमंत्रण आलं तर ती कधी "येते" म्हणायची नाही, "बघूया" म्हणायची. गेलीच तर मांडवात कडेला बसायची, बाहेर पडायला सोपं असं. केसांत फूल घालायची नाही. लोक तिला शिष्ट म्हणायचे. मीसुद्धा एकदा चेष्टेत म्हटलं होतं.

आता प्रश्न आईचा. आई म्हणाली, "उपास सोडूक देवीचो हुकूम जाय." रास्त होतं. दादा देवळात गेला. आमच्याकडे कौल लावतात, देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार. दादा अबोल माणूस. गाऱ्हाणं घालायला पुनोकाका उभे राहिले तर त्याने त्यांना थांबवलं आणि स्वतःच विचारलं, "माये, बायलमनशेक उपाशी दवरून तुका बरें दिसता?" उजवी पाकळी पडली.

आणि आई बदलली. बदलली म्हणजे अशी की मी बघत राहिलो. पुढच्या वेळी वैनी पडली तेव्हा आई काठी घेऊन बलकांवात बसली. टोपल्या घेऊन बायका आल्या. झोपमोड नको म्हणून आईने त्यांना पायरीवरच अडवलं.

"आज देवी ना. सून न्हिदल्या."

पावाची टोपली सायकलला बांधून भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेरालाही तिने वाड्याच्या तोंडाशी थांबवलं. तो तेव्हापासून आमच्या घरापुढून सायकल हातात धरून, भोंगा न वाजवता जायचा.

दुखणं गेलं नाही. गोळ्यांनी आणि वेळच्या वेळी जेवण्याने बरंच कमी झालं, पण गेलं नाही. गर्दी मात्र गेली. वैनी त्या खोलीत काळोखात पडायची. मी घरी असलो तर हाक यायचीच, "भावजी, दार..." आणि मी ते करकरत ओढायचो. वर्षं गेली. दादाची मुलगी संगीता मोठी झाली, फोंड्याला दिली. माझं लग्न झालं. आई गेली. पण दार काही मला जमलं नाही.

वैनी गेली ती डोक्याने नाही. एका साध्या तापाचं निमित्त झालं, पेडण्याहून म्हापशाला नेईपर्यंत सगळं संपलं. भाद्रपदाचे दिवस होते. डोक्याला भिऊन राहिलेली बाई तापाने गेली. तिच्या उशाशी लोकांनी धूप घातला तेव्हा मी उठून बाहेर गेलो. मेलेल्या माणसाला काय त्रास होणार, असं मनाला सांगितलं.

आता बाराव्याचा दिवस.

पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. कावळ्याचं पान परसवात चिऱ्यावर मांडलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. मी सकाळपासून चहावर होतो. पानापुढे अगरबत्त्यांचा जुडगा, शेवंतीचा हार, निरांजन. भोवती पंचवीस-तीस माणसं आणि मध्ये म्हातारे झालेले पुनोकाका, "काव... काव..." करून माडाकडे हात हलवत.

माडावर कावळे होते. खाली बघत होते. येत नव्हते.

मग वचनं सुरू झाली. संगीता रडत म्हणाली, "आई, बाबांना मी फोंड्याला नेईन." नाही. दादा म्हणाला, "शालन, माझी काळजी करू नको." नाही. कोणीतरी मला पुढे ढकललं. मी म्हटलं, "वैनी, मी आजपासून उराक सोडतो." एका कावळ्याने पाठ फिरवली. माझी वचनं तिला माहीत होती.

ऊन चढत होतं. भुकेली माणसं कुजबुजायला लागली. पुनोकाका अजून मोठ्याने हाका मारू लागले, दोघं-तिघं त्यांना साथ देऊ लागले, कोणी अगरबत्तीचा दुसरा जुडगा पेटवला. आणि मी पानाकडे बघितलं. डोळ्यांवर ऊन, नाकाशी धूर आणि फुलं, चारी बाजूंनी आरडाओरडा. काहीतरी विचारणारी, काहीतरी मागणारी माणसं.

हे मी बघितलं होतं. अगदी हेच.

मी पुढे झालो आणि पान उचललं. "अरे, अरे," पुनोकाका ओरडले, "शास्त्र आसा हें."

"काका, तिची तकली दुखता," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. दादाने माझ्याकडे बघितलं, मग वाकून अगरबत्त्या चिखलात विझवल्या. हार बाजूला केला. मी पान नेऊन मागच्या खोलीच्या भिंतीशी, सावलीत ठेवलं. मग सगळ्यांना म्हणालो, "आत चला. आज देवी ना. न्हिदल्या ती." आईचे शब्द, कसे तोंडात आले कोण जाणे.

माणसं आत गेली. घरात इतकी शांतता झाली की रांधपातल्या चुलीचं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. मग पंखांचा आवाज आला. एकदाच.

थांबा. ह्यात अमानवीय काही नाही, हे मला कळतं. माणसं हलली की कावळा उतरतो. मी सांगणार आहे ते ह्याच्या पुढचं.

वसरीत पंगत बसली. मी वाढायला घेतलं. दादाच्या पानावर भात घालताना मला वास आला. सुरंगीचा. दाट, गोड, डोकं भरून टाकणारा. भाद्रपदात. मी मान वर केली तर दादाच्या तोंडाचा अर्धा भाग नव्हता. तिथे काळोखही नव्हता, नुसतं काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याच्या कडेला करवतीचे दात चमचमत फिरत होते.

बायकोकडे सांबाराचा डाव मागायला गेलो आणि म्हणालो, "टायर."

"सोडली म्हणून आत्ताच सांगितलंत ना?" ती हळूच म्हणाली.

मी भिंत धरून परसवातून मागच्या खोलीत गेलो. वैनीची चटई कोपऱ्यात गुंडाळलेली होती, ती न घेताच जमिनीवर आडवा झालो. आणि मग डाव्या बाजूला ते सुरू झालं. ते कसं असतं ते मी लिहिणार नाही. ज्यांना होतं त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना लिहून कळत नाही. एवढं सांगतो की दार उघडं होतं, आणि परसवातला उजेड कोयत्यासारखा डोळ्यात शिरत होता, आणि उठायची ताकद नव्हती. मला कोणाला तरी हाक मारायची होती. दार ओढा, एवढंच म्हणायचं होतं. मी दाराकडे हात केला आणि तोंडातून शब्द आला...

"नांगर."

तसाच पडून राहिलो. नांगर... नांगर... देवीने नांगरणी लवकर करायला सांगितली म्हणून दोन्ही हात जोडून उभे होतो आम्ही. ती शेताकडे हात करत नव्हती. मध्ये उघडं दार होतं. आई आणि मी समोर असताना ती एवढंच सांगत होती, आणि आम्ही त्याचा अर्थ लावत बसलो होतो. पाणी आलं डोळ्यांतून, उजेडाने की कशाने, माहीत नाही.

तेव्हा दार बंद झालं.

पावलं ऐकू आली नाहीत. उजेडाची पट्टी बारीक होत गेली, सुतासारखी झाली आणि गेली. करकर झाली नाही. जराही नाही. कोणीतरी कडी धरून, वर उचलून, मग ओढलं होतं.

काळोखात तो वास कमी कमी होत गेला आणि मी झोपलो.

संध्याकाळी उठलो तेव्हा डोकं रिकामं आणि हलकं होतं. दार नीट लागलेलं. बायकोला विचारलं, ती वाढत होती. दादा पंगतीतून उठला नव्हता. संगीता आईच्या साड्या वाटत बलकांवात होती. पुनोकाका हात धुऊन कधीच घरी गेले होते. एकेकाला विचारलं. कोणी मागे गेलंच नव्हतं. वारा म्हणावा तर त्या दिवशी माडाचं झावळ हलत नव्हतं, आणि ते दार म्हशीने ढकललं तरी ओरडल्याशिवाय जागचं हलत नाही. संगीताला ओढायला लावलं. करकर्र. दादाला लावलं. करकर्र. दादा म्हणाला, "हे तिलाच जमायचं."

काही दिवसांनी डिचोलीला गेलो. डॉक्टरीणबाई आता पिकल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, कोणालाही आयुष्यात एखाद्या वेळी होऊ शकतं. दुःख, जागरण, ऊन, पोटात काही नाही. तो वास आणि तो शब्द तुमच्या मनात इतकी वर्षं होतेच. मला पटलं. कावळ्याचंही पटलेलंच होतं.

"आणि दाराचं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दार माझ्या विषयात येत नाही," म्हणाल्या.

माझ्याही येत नाही. त्यानंतर आजतागायत माझं डोकं दुखलेलं नाही. आईचं म्हणणं खरं धरलं तर तेवढ्या एका दुपारपुरतं ते होतं म्हणायचं. ह्या अनुभवाला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि कोणाकडे असलं तर... कळवा, पण मी ते पूर्ण वाचेन असं वचन देत नाही. माझी वचनं तुम्हाला आता माहीत झाली आहेत.

गेल्या दिवाळीत दादाने खरंच सुतार आणला, दार तासायला. मी त्याला चहा देऊन परत पाठवला. घरी असलो की रोज दुपारी जेवण झाल्यावर मी मागे जातो. कडी धरतो, वर उचलतो, मग ओढतो. आता जमतं मला, आवाज होत नाही. आत कोणी नसतं, पण म्हणून काय झालं?